घरचा साक्षीदार

सरकारी अहवालाच्या परिशिष्टात, पान एकशे बारावर, माझं एक वाक्य छापलेलं आहे. 'काही विशेष नाही. चहा मिळेल का?' मी तीस वर्षं मेंदूवर काम केलं, चाळीसेक शोधनिबंध लिहिले, ते कुणी वाचले असतील तर देव जाणे. हे वाक्य मात्र विधानसभेत तीनदा वाचून दाखवलं गेलं आणि त्याच्या जोरावर एक कायदा झाला. त्या वाक्याची ही हकिकत. मला ती सांगायची हौस नाही. पण हल्ली टीव्हीवर भलतेच लोक ती सांगत सुटलेत आणि धडधडीत चुकीची सांगतात, म्हणून म्हटलं, आपणच एकदा सांगून मोकळं व्हावं.

मी डॉ. मुकुंद हेर्लेकर. राहणार सांगली, वय एकसष्ट, लग्न केलेलं नाही. का केलं नाही ते विचारू नका, राहून गेलं.

मेंदूच्या बुडाशी, मानेच्या जरा वर, पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. माणूस माणसांत असला की तो गप्प असतो आणि एकटा पडला की कुरकुरायला लागतो. पोटाच्या भुकेसारखीच ही एक भूक. मी कवटीला भोक न पाडता, बाहेरून, कानाला ऐकू न येणाऱ्या बारीक ध्वनिलहरी नेमक्या त्या पुंजक्यावर एकवटायची युक्ती शोधली. कपाळाभोवती बांधायची एक पट्टी केली. हेतू चांगला होता हो. एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांची ती कुरकुर थांबावी, दोन घास त्यांनी सुखाने खावेत, एवढाच. चार वर्षं खपलो तेव्हा कळलं की ही भूक पट्टीने भडकवता येते, पण भागवता काही येत नाही. प्रकल्प गुंडाळायच्या बेतात होतो, तेवढ्यात गृहखात्यातून फोन आला. त्यांना भडकवणारीच बाजू हवी होती.

मग पट्टीत मी आणखी दोन गोष्टी घातल्या. कानामागच्या भागात 'हे आपलं माणूस' अशी ओळख पटवणारी एक जागा असते, ती पट्टी झोपवते. चेहरा ओळखू येतो, नाव आठवतं, ही आपली बायको हेही ठाऊक असतं, पण ती समोर आली तरी आत काही हलत नाही. दुसरी गोष्ट अशी की प्रश्न विचारणारा बोलायला लागला की तेवढ्यापुरता पट्टीचा जोर उतरतो. म्हणजे साऱ्या जगात तो एकच आवाज आपला वाटतो. संशयिताला ज्यांना वाचवायचं असतं त्यांच्याबद्दल काही वाटेनासं होतं आणि समोरच्या पोलिसाला सगळं सांगून टाकावंसं वाटतं. ही कल्पना माझीच, आणि खोटं कशाला बोलू, तिचं मला भारी कौतुक होतं.

सरकारने नेमलेल्या समितीत या पट्टीवरून सहा महिने वाद झाला. पोलिसांचं म्हणणं सरळ होतं. मारहाण नाही, जखम नाही, वेदना नाही. कुणाचा जीव टांगणीला लागलेला असताना चाळीस मिनिटं एखाद्याला एकटं वाटलं तर काय बिघडलं? ॲडव्होकेट रेहाना मुजावर नावाच्या बाई समितीत होत्या, त्या म्हणायच्या, "दुखत नाही म्हणजे छळ नाही, हे कुणी ठरवलं? ज्याला लावलीत त्याला विचारलंत का?" त्या एकट्या पडल्या. शेवटी त्यांनी एक अट घालून घेतली. जो डॉक्टर पट्टी लावणार, त्याने तेवढाच जोर, तेवढाच वेळ, आधी स्वतःवर घ्यायचा. त्या वेळी त्याच्या घरचं एक माणूस समोर बसलेलं हवं, आणि त्याने साक्षीदार म्हणून सही करायची. बाईंना वाटलं असणार की आपल्या बायकोसमोर हे करून घ्यायला कोणता डॉक्टर तयार होईल.

मी तयार झालो. फॉर्मवर 'घरचा साक्षीदार' असा रकाना होता. मी पेन घेऊन बराच वेळ बसलो आणि मग आस्थापना विभागातल्या कांबळ्यांचं नाव लिहिलं. कांबळे आले, खुर्चीत बसले, पेपर उघडला आणि कोड्याचा अर्धा भाग सोडवून झाल्यावर डुलक्या काढायला लागले. मला पाच अंकी आकडा दिला होता, तो लपवायचा होता. चाळीस मिनिटं मला तो कुणी कुणी विचारला, मी सांगितला नाही. पट्टी काढली तेव्हा समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, कसं वाटलं? मी ते वाक्य बोललो. अगदी खरं बोललो. रोज संध्याकाळी कुलूप काढून घरात शिरल्यावर जसं वाटायचं, त्याहून काडीचंही वेगळं वाटलं नव्हतं.

यंत्राचं शून्यही मी माझ्याच डोक्यावर लावून ठेवलं होतं. 'सामान्य निरोगी व्यक्ती, विश्रांतीत' म्हणून त्या कुरकुरीची जी पातळी धरली, ती माझी. तराजूच्या पारड्यात आधीच धोंडा ठेवून काटा शून्यावर आणावा, तसा हा प्रकार. पण ते तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या तर नाहीच नाही.

तीन वर्षांत पट्टी सतरा वेळा वापरली. सगळ्याच वेळा वाया गेल्या असं मी म्हणणार नाही. पळवून नेलेल्या एका निवृत्त मास्तरांचा पत्ता अकरा मिनिटांत लागला, ते सापडले, जिवंत. त्या दिवशी पोलीस उपअधीक्षक शुभदा सरनोबतांनी मला पेढ्याचा पुडा आणून दिला होता. मला गोड चालत नाही, पण घेतला.

*

मागल्या वर्षी अक्का माझ्याकडे राहायला आली. माझी थोरली बहीण, इंदुमती. मेहुणे गेले, मुलगा परदेशी, बेळगावचं घर तिला खायला उठायचं. दोन ट्रंका आणि पितळेची एक मोठी परात घेऊन ती उतरली आणि त्या दिवसापासून माझ्या घरात शांतता म्हणून राहिली नाही. सकाळी सहाला रेडिओ. माझ्या कागदांवर भाजी निवडणं. मी बाथरूममध्ये असताना दाराबाहेरून गप्पा.

"मुकुंदा, जेव की. गार व्हायलंय."

"अक्का, मला भूक लागली की मी जेवतो. लहान आहे का मी?"

"लहान नाहीस, म्हणून तर सांगायलोय. लहान असतास तर भरवलं असतं."

रोज भांडण. चहात आलं घालण्यावरून, पंख्यावरून, मी फोनवर कुणाला काय बोललो यावरून. एकदा मी इतका वैतागलो की ऑफिसात जाऊन सुट्टीच्या दिवशीही बसलो. पण तासाभराने उठून घरी आलो. का आलो ते मला कळलं नाही. ती म्हणाली, "विसरलास काय?" मी म्हणालो, "हो, चष्मा." चष्मा नाकावरच होता.

*

जानेवारीत ते प्रकरण झालं. ऑपरेशनच्या वेळी कमरेत भुलीचं इंजेक्शन देतात, त्याची कारखान्यातली एक सबंध बॅच दूषित निघाली. दोन गावांत दोन बायका दगावल्या. बहुतेक माल परत आला, पण एकोणीस खोकी मिरजेच्या एका गोदामातून कुठे गेली त्याची नोंदच नव्हती. गोदाम सांभाळणारा बाबासो माळकर, वय सेहेचाळीस, म्हणत होता की त्या दिवशी तो चुलतबहिणीच्या साखरपुड्याला गेला होता, खोकी कुणी नेली त्याला ठाऊक नाही. त्याच्याच नावाने संगणक उघडलेला होता, म्हणून संशय त्याच्यावर.

सकाळी सात वाजता बाबासोला पट्टी लावली, प्रश्न विचारायला सरनोबत होत्या. सही माझी होती, पट्टी बांधणारे हातही माझेच. सव्विसाव्या मिनिटाला त्याने विट्याच्या एका दवाखान्याचं नाव सांगितलं. दोन गाड्या विट्याला धावल्या. तिथे असलं एकही खोकं नव्हतं, कधी आलंही नव्हतं. या भानगडीत दोन तास गेले.

साडेनऊला सरनोबत माझ्या खोलीत आल्या. बाई वाईट नाहीत. दोन रात्री झोपल्या नव्हत्या, केसांतली पिन निसटलेली होती तेही त्यांना कळलं नव्हतं.

"डॉक्टर, तो खोटं बोलला. त्याला माहीत आहे आणि तो खोटं बोलला. ऐंशी मिनिटं लावूया."

"ऐंशी आजवर कुणालाच लावलेली नाही."

"मला ठाऊक आहे ओ. पण आज कुठंतरी कुणाला तरी ते इंजेक्शन देणार आहेत. तुमची हरकत काय आहे? तुम्हीच म्हणाला होता ना, काही विशेष नाही म्हणून."

हरकत काहीच नव्हती. नियम तेवढा होता. वेळ वाढवायचा तर तेवढा आधी मी स्वतःवर घ्यायचा. बाबासोला दुसऱ्यांदा पट्टी लागणार की नाही, ते माझ्या त्या ऐंशी मिनिटांवर ठरणार होतं. फॉर्म पुढे आला. 'घरचा साक्षीदार' या रकान्यात मी अक्काचं नाव लिहिलं, चटकन, विचार न करता.

पोलिसांच्या जीपमधून यायला मिळालं म्हणून अक्का खुशीत होती. नवी साडी नेसून आली होती. माझ्यासमोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "दुखतंय काय रे?"

"नाही गं. गप्प बसायचं फक्त. जमेल का?"

"बघूया की."

यंत्रावर बसलेल्या मुलीने मला सांगितलं, "सर, तुमची विश्रांतीतली कुरकुरीची पातळी मागच्या वेळेपेक्षा बरीच खाली दिसतेय." मी म्हणालो, यंत्रात बिघाड असेल, पुन्हा मोजा. तिने मोजलं, तरी काटा खालीच. मी म्हणालो, असू दे, वेळ घालवू नका. मला खरंच वाटलं की यंत्रच बिघडलंय.

*

याही वेळी लपवायला एक आकडा दिला होता. पहिली सात-आठ मिनिटं मी मनात पाढे म्हणत होतो. मग समोर पाहिलं तर खुर्चीत एक म्हातारी बसली होती. तिचं नाव इंदुमती, हे मला माहीत होतं. तिने मला कडेवर घेऊन शाळेत पोचवलंय, माझ्या मुंजीत ती माझ्यापेक्षा जास्त रडली होती, हे सगळं माहीत होतं, परीक्षेसाठी पाठ केलेल्या उत्तरांसारखं. पण ती बाई माझ्याकडे एवढं टक लावून का पाहतेय ते मला कळेना. मला तिचा राग आला. मग रागही गेला.

त्यानंतर जे आलं त्याला दुःख म्हणता येणार नाही. मी घाबरलो. जगात कुणीच नाही, कधी नव्हतंच, मला उगाच इतके दिवस कुणी आहे असं वाटत होतं, हे मला एकदम कळल्यासारखं झालं. मी एकसष्ट वर्षांचा माणूस, मला आईला हाक मारावीशी वाटली, आणि आई म्हटल्यावरही काही आठवेना, नुसता शब्द.

तेवढ्यात सरनोबत बोलल्या. "डॉक्टर, आकडा सांगा."

काय सांगू तुम्हाला. थंडीत कुडकुडणाऱ्याच्या अंगावर कुणी घोंगडी टाकावी तसं झालं. मी आकडा सांगून टाकला. त्या गप्प झाल्या आणि पुन्हा ती भीती आली, आधीपेक्षा जास्त.

"आणखी काही आहे का, डॉक्टर?"

काही नव्हतं. आकडा एकच होता. पण नाही म्हटलं असतं तर त्या गप्प बसल्या असत्या. मी म्हणालो, आहे, दुसरा एक आकडा आहे. मनाला येईल तो सांगितला. मग तिसरा. मग म्हणालो, कपाटाची किल्ली माझ्या टेबलात आहे, हे सगळं मी कांबळ्यांच्या सांगण्यावरून केलं. कांबळे बिचारे निवृत्त होऊन गडहिंग्लजला नातवंडं सांभाळतात. पण त्यांचं नाव घेतल्यावर सरनोबतांनी चार प्रश्न जास्त विचारले, आणि ते चार प्रश्न मला अमृतासारखे लागले.

हात वर केला की पट्टी थांबते. मला ते पक्कं ठाऊक होतं, तो नियम मीच लिहिलाय. मी हात वर केला नाही. पट्टी थांबली की त्या उठून जातील, एवढीच मला भीती होती.

साठाव्या मिनिटाला अक्का उभी राहिली. "पुरे करा की ओ बाई," ती म्हणाली. "हा माझा भाऊ नव्हे. हा असा बघत नाही माझ्याकडे." नियमाप्रमाणे तिला थांबवण्याचा अधिकार नव्हता. ती पुन्हा बसली. उरलेली वीस मिनिटं तिने पदर तोंडाला लावून धरला होता, हे मी पाहत होतो आणि मला त्याचं काहीएक वाटत नव्हतं.

*

पट्टी काढल्यावर मी पाणी मागितलं. मग मी सरनोबतांना म्हणालो, "मी सही करणार नाही."

"डॉक्टर, ही चर्चा करायची वेळ नाही. एकोणीस खोकी आहेत."

"ऐका. बाबासोला माहीत असतं तर त्याने पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत सांगितलं असतं. माहीत असलेलं लपवायला माणसाला कुणीतरी लागतं, ज्याच्यासाठी लपवायचं. पट्टीने ते सगळं जातं. त्यानंतर जे बाहेर पडतं ते तुम्ही उठून जाऊ नये म्हणून बाहेर पडतं. विट्याचं नाव त्याने तसंच सांगितलं. मी कांबळ्यांचं नाव घेतलं तसं."

"आणि मास्तर सापडले ते?"

"तो माणूस जाणत होता. म्हणून सापडले."

"म्हणजे चालतं ना यंत्र."

"चालतं. पण समोरचा जाणतो की नाही ते ते सांगत नाही. आणि तुम्हाला नेमकं तेच कळलेलं नसतं. मॅडम, तुमची माणसं फोनवर बसवा. जिल्ह्यात ऑपरेशन करणारे जेवढे दवाखाने आहेत, एकेकाला विचारा."

"दोनशेच्या वर आहेत."

"मग लवकर सुरुवात करा."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की दुसऱ्या कुणाची नजर असती तर मला लाज वाटली असती. पण त्यांचीच होती, म्हणून मला बरं वाटत होतं. हे मी त्यांना सांगितलं नाही. त्या गेल्या आणि चौदा माणसं फोनला लावली. एकशे त्रेसष्टावा फोन जतच्या बाजूच्या एका लहान प्रसूतिगृहाला लागला. खोकी तिथे होती, औषधांच्या एका एजंटाने त्या दिवशी बाबासोच्या जागी बसून ती पाठवली होती. सकाळी सव्वानऊला तिथे मेघना ऐवळे नावाच्या मुलीला सिझेरियनसाठी त्यातलं इंजेक्शन दिलं होतं. मूल वाचलं, मेघना गेली. ती सव्वीस वर्षांची होती. सकाळी सातपासून आम्ही फोन करत बसलो असतो तर नऊच्या आत तिथे पोचलो असतो. त्याऐवजी आम्ही विट्याला गेलो, माझ्या वाक्याच्या भरवशावर.

बाबासोला सोडून दिल्यावर चार दिवसांनी मी त्याच्या घरी गेलो. बायकोने चहा ठेवला. तो ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत होता. बायकोने त्याच्या पुढ्यात कप ठेवला तर म्हणाला, "ठेवा बाई." ती आत गेली आणि भांडी घासायला लागली, घासलेलीच भांडी.

मी त्याची माफी मागितली. त्याने ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "सायेब, त्या म्याडम परत कदी येनार? न्हाई म्हंजे, मला काय म्हाईत न्हाई. पर त्यांनी इचारलं तर मी सांगीन कायतरी."

*

पट्टीचा परिणाम चार तासांत ओसरतो, असं अहवालात म्हटलंय. कायद्यात एक कलम आहे की परिणाम पंधरा दिवसांहून जास्त टिकला तर तो छळ धरावा आणि वापर बंद करावा. ते कलम शोभेपुरतं होतं, कारण ज्यांना पट्टी लावली त्यांना नंतर कुणी विचारायलाच जात नव्हतं. आणि गेलं असतं तरी गुन्हेगाराच्या शब्दाला किंमत काय?

मला मात्र किंमत होती. तेविसाव्या दिवशी पुण्यात समितीची बैठक लागली, मला बोलावणं आलं. अक्का म्हणाली, मी येणार. तेवीस दिवस मी घरी नीट वागत होतो. तिने चहात आलं घातलं तर पीत होतो. तिने रेडिओ लावला तर ऐकत होतो. ती बोलली की मान हलवत होतो आणि ती विचारायची, "बरं वाटतंय नव्हे आता?" तर म्हणत होतो, "हो अक्का, अगदी पूर्वीसारखं." दुसरं काय म्हणणार? ती समोर बसलेली असायची आणि मी तिच्याकडे बघत आत चाचपून पाहायचो. काही नसायचं.

बैठकीत मी यंत्राचं शून्य कसं चुकलं ते सांगितलं. आकडे दाखवले. म्हणालो, ज्याच्या घरी कुणी नव्हतं अशा माणसावर हे यंत्र पारखलं आणि त्याच्यावरून निरोगी माणूस ठरवला. ज्याच्याकडून काही हिरावून घेण्यासारखं नव्हतं, तो मी होतो. हे पंधरा लोकांसमोर बोलायला मला जड गेलं. दोघेजण खाली मान घालून काहीतरी लिहायला लागले.

सरनोबत उठल्या. त्यांचा आवाज आला आणि माझ्या अंगातून बरं वाटल्याची एक लाट गेली. तेवीस दिवसांत पहिल्यांदाच. मला त्याची किळस आली. त्या म्हणाल्या, "शून्य चुकलं असेल तर दुरुस्त करू. जोर कमी करू. उद्या कुणाचं मूल कुणी पळवलं आणि पळवणारा माझ्यासमोर बसलेला असेल, तर मी त्या आईला काय सांगू? पुण्यात बैठक चालू आहे म्हणून? चार तासांत उतरणाऱ्या गोष्टीसाठी?"

प्रश्न खोटा नव्हता. त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर तेव्हा नव्हतं, आजही नाही. खोलीतले लोक त्यांच्या बाजूला झुकत होते, ते दिसत होतं.

तेव्हा मुजावर बाईंनी मला विचारलं. आवाज अगदी साधा होता. "डॉक्टर, मागच्या वेळी तुमच्या घरी कुणी नव्हतं म्हणालात. या वेळी साक्षीदार म्हणून तुमच्या बहीण होत्या. आज त्या मागे बसल्या आहेत. चार तासांनी तुमचं सगळं पूर्ववत झालं का?"

मी मागे पाहिलं. अक्का शेवटच्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसली होती. तिने माझ्याकडे पाहून मान हलवली, सांग, सांग, अशी. हो म्हटलं असतं तर तिला काही कळलं नसतं, आम्ही घरी गेलो असतो आणि मी मान हलवत राहिलो असतो. पण त्या कलमाला पंधरा दिवसांहून जास्त टिकलेला एक परिणाम हवा होता आणि तो सांगणारा, ज्याच्यावर विश्वास ठेवतील असा, माझ्याशिवाय दुसरा कुणी नव्हता. बाबासो तिकडे घरी ओट्यावर रस्त्याकडे बघत बसला होता.

"नाही," मी म्हणालो. "आज तेविसावा दिवस आहे. मागे बसलेली बाई माझी बहीण आहे हे मला ठाऊक आहे. तिने माझ्यासाठी काय काय केलं तेही सगळं ठाऊक आहे. मला तिच्याबद्दल काही वाटत नाही."

अध्यक्षांनी लेखनिकाला, हे उत्तर शब्दशः घ्या, असं सांगितलं. पट्टीचा वापर त्याच संध्याकाळी स्थगित झाला. कायमचा बंद होईल की नाही ते अजून ठरायचंय.

परतीच्या बसमध्ये अक्का खिडकीशी बसली. सातारा गेलं, कऱ्हाड गेलं, ती बाहेरच बघत राहिली. घरी आल्यावर तिने हातपाय धुतले, कुकर लावला, ताटं घेतली. मी तिच्यासमोर बसलो. म्हटलं, निदान नीट बोलावं.

"अक्का, तुला बेळगावला जायचं असेल तर मी सोडायला येतो."

"का?"

"आज ऐकलंस ना तू."

"ते मला पहिल्या आठवड्यातच कळलंय," ती म्हणाली. "तू भांडायचा बंद झालास. मी मुद्दाम चहात डबल आलं घालायलोय, तरी गप्प पितोस. मी म्हटलं, गेला हा."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तू एवढा प्रयत्न करायलास." तिने माझ्या ताटात भात वाढला, वर तूप घातलं. "आज तू खरं सांगितलंस ते बरं केलंस. तो मिरजेचा माणूस, त्याची बायको, त्यांचं बघणार कोण? आणि मी कशाला बेळगावला जाऊ? तुला वाटत नाही. मला वाटतंय की. माझं मला बघू दे. जेव."

तिचे डोळे भरले होते आणि ती ते पुसतही नव्हती. अशा वेळी माणसाला काय होतं ते मला माहीत आहे. घसा दाटतो, घास उतरत नाही, आपणही रडायला लागतो. मी घास हातात धरून तिच्याकडे पाहत बसलो आणि ते होण्याची वाट पाहिली. भात गार झाला. तिने तो काढून घेतला आणि दुसरा गरम वाढला.